जोसेफ पिलाटेस : माणसाच्या मापाचे यंत्र

आपल्या बडोद्यात आणि इतर शहरांतही अलीकडे पिलाटेस अशी पाटी लावलेल्या व्यायामाच्या खोल्या दिसू लागल्या आहेत. तुमच्यापैकी काहींच्या आई किंवा मावशी पाठदुखीवर उपाय म्हणून तिथे जातही असतील. पाटीवरचा शब्द हे एखाद्या कसरतीचे नाव असावे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक ते एका माणसाचे आडनाव आहे. ह्या अंकातील चरित्रासाठी आम्ही त्याच माणसाची निवड केली आहे आणि त्याचे कारण आधीच सांगून टाकतो. व्यायामाची यंत्रे जगात अनेकांनी बनवली. पण यंत्राजवळ आलेला माणूस उंच आहे की ठेंगणा, धट्टाकट्टा आहे की अंथरुणातून नुकताच उठलेला, हे पाहून आधी यंत्र त्याच्या मापाचे करून घ्यायचे, हा आग्रह जोसेफ पिलाटेस ह्यांनी जन्मभर धरला. व्यायामाच्या तासाला प्रकृतीची चिठ्ठी दाखवून कडेला बसणारी चार-दोन मुले प्रत्येक वर्गात असतात. हे चरित्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. त्यांना कडेला बसू देणाऱ्या आम्हा मोठ्या माणसांनीही ते वाचायला हरकत नाही.

जोसेफ ह्यांचा जन्म 9 डिसेंबर 1883 रोजी जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख ह्या गावी झाला. वडील लोखंडकाम करीत. कुलपे-किल्ल्या बनवण्याचा त्यांचा व्यवसाय होता आणि ते स्वतः चांगले कसरतपटू होते. घरात मुले पुष्कळ, पैसा बेताचा. ह्या मुलाची प्रकृती मात्र वडिलांवर गेली नव्हती. दमा, मुडदूस आणि सांधेज्वर अशी तीन दुखणी त्याच्या वाट्याला आली होती. मुडदुसात हाडे मऊ राहतात, छातीचा पिंजरा नीट भरत नाही. त्यात दमा म्हटल्यावर धावणे-उड्या मारणे दूरच. अशा मुलाला घरातली माणसे सहसा जपून जपून आणखी दुबळे करून टाकतात. जोसेफ ह्यांनी वेगळी वाट धरली. हाती आलेल्या शरीररचनेच्या पुस्तकाचे एकेक पान पाठ करायचे आणि त्या पानावरचा स्नायू आपल्या अंगात कुठे हलतो ते शोधायचे, असा त्यांचा क्रम असे. चौदाव्या वर्षी त्यांचे शरीर इतके घडले होते, की शरीररचनेची चित्रे काढण्यासाठी त्यांना नमुना म्हणून उभे करीत, असे सांगतात.

त्या काळच्या जर्मनीत व्यायामाची परंपरा मोठी होती. फ्रीडरिख लुडविग यान ह्या शिक्षकाने 1811 मध्ये बर्लिनजवळ उघड्यावर आखाडा काढला, आणि आज आपण शाळेत ज्यांना सिंगल बार आणि डबल बार म्हणतो त्या साधनांचा प्रसार तिथून झाला. गावोगाव मंडळे निघाली. एका हुकमासरशी शंभर माणसांनी एकच हालचाल करायची, ही त्यांची शिस्त. ती देखणी असते, आपल्या संचलनाच्या दिवशी तुम्हीही ती अनुभवता. परंतु बार सर्वांसाठी एकाच उंचीवर राहतो, आणि ज्याचा हात तिथवर पोचत नाही तो मुलगा रांगेतून आपोआप मागे पडतो. दुसऱ्या टोकाला स्वीडनचे डॉक्टर गुस्ताव झांडर होते. त्यांनी 1865 मध्ये स्टॉकहोमला यंत्रोपचाराची संस्था काढली. त्यांच्या यंत्रांत तरफेवरचे वजन पुढे-मागे सरकवून रोग्याला झेपेल इतका भार ठरवता येई. कल्पना उत्तम होती, पण दंडासाठी एक यंत्र, मांडीसाठी दुसरे, कमरेसाठी तिसरे असा तो पसारा. त्याला दिवाणखाना पुरत नसे. पिलाटेस ह्यांनी ह्या दोन्ही गोष्टींपेक्षा वेगळे काय केले, ते पुढे येईलच.

पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी ते इंग्लंडला गेले. तिथे मुष्टियुद्ध, सर्कशीतली कामे असे करून ते पोट भरीत. 1914 मध्ये युद्ध पेटले आणि इंग्लंडमध्ये राहणारे जर्मन रातोरात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. पिलाटेस ह्यांना प्रथम लँकेस्टर येथे एका बंद पडलेल्या वाघिणींच्या कारखान्यात ठेवले आणि 1915 मध्ये आयल ऑफ मॅन ह्या बेटावरच्या नॉकेलो छावणीत हलवले. ही छावणी म्हणजे लाकडी बराकींचे एक शहरच होते. ती पूर्ण भरली तेव्हा तिच्यात सुमारे 23,000 पुरुष काटेरी तारांच्या आत राहत होते. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता, त्यामुळे शिक्षेची मुदतही नव्हती. कधी सुटणार हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अशा जागी माणसे आजारी पडतात ती केवळ अन्नामुळे किंवा थंडीमुळे नव्हे. काम नाही, एकांत नाही, उद्याचा भरवसा नाही, अशा स्थितीत माणूस चिडचिडा होतो, विसरभोळा होतो, तासन् तास भिंतीकडे पाहत बसतो. फिशर नावाच्या एका स्विस डॉक्टरांनी ह्या अवस्थेचा अभ्यास करून तिला काटेरी तारेचा आजार असेच नाव दिले. क्वेकर पंथाच्या काही मंडळींनी हे ओळखून छावणीत हत्यारे आणि लाकूड पुरवले, सुतारकाम-कोरीवकामाचे वर्ग चालवले. पिलाटेस ह्यांनी आपल्या परीने बराकीतल्या सोबत्यांना व्यायाम शिकवायला सुरुवात केली. जमिनीवर पडून, फारशी जागा न घेता, कोणत्याही साधनाशिवाय करता येतील असे ते प्रकार होते. आज ज्याला चटईवरचे पिलाटेस म्हणतात त्याची मुळे ह्या दिवसांत आहेत.

ह्याच छावणीची एक गोष्ट त्यांच्या शिष्यपरिवारात फार आवडीने सांगितली जाते. काही बंदिवान आजारी, खाटेला खिळलेले होते. उठवत नाही तर व्यायाम कसा करणार? पिलाटेस ह्यांनी खाटेच्या स्प्रिंगा काढून त्या पलंगाच्या दांड्यांना अडकवल्या आणि पडल्या पडल्या हाताने-पायाने ओढायला लावल्या, अशी ही हकीकत आहे. आणखी एक गोष्ट सांगतात, की 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांच्या हाताखालचा एकही माणूस दगावला नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीला कागदोपत्री आधार सापडलेला नाही, तेव्हा ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. थोर माणसांच्या चरित्रांना अशी पालवी फुटतेच. पहिल्या गोष्टीबद्दल इतके म्हणता येईल, की पुढे त्यांनी जी यंत्रे बनवली त्यांतली बरीचशी पाहताना कोणालाही दवाखान्यातली खाटच आठवते.

1919 मध्ये सुटका झाल्यावर ते जर्मनीला परतले. तिथे काही वर्षे व्यायाम शिकवला, यंत्रांचे आराखडे केले, आणि 1926 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेची वाट धरली. क्लारा झॉयनर ह्यांची भेट त्याच सुमारास, जहाजावर झाली असे सांगतात. पुढची चाळीस वर्षे क्लाराबाई त्यांच्या सहचारिणी आणि सहशिक्षिका होत्या. दोघांनी न्यूयॉर्कमध्ये आठव्या अॅव्हेन्यूवरील 939 क्रमांकाच्या इमारतीत आपली व्यायामशाळा थाटली. 1927 च्या मार्च महिन्यात त्यांना व्यायामयंत्राचे अमेरिकन पेटंट मिळाले.

आता त्या यंत्राकडे वळू. त्याचे नाव रिफॉर्मर. लांबट खाटेसारखी एक चौकट डोळ्यांपुढे आणा. तिच्या आत दोन्ही बाजूंना रूळ आहेत आणि त्यांवर चाके लावलेला, गादी बसवलेला पाट सरकतो. माणूस ह्या पाटावर उताणा झोपतो. डोक्याखाली उचलता-पाडता येणारी उशी, खांद्यांच्या वर दोन ठोकळे, पायांकडे एक आडवी दांडी, जिला फूटबार म्हणतात. पाट आणि पायाकडची चौकट ह्यांच्यामध्ये चार किंवा पाच स्प्रिंगा. पायांनी फूटबार रेटला की पाट मागे सरकतो आणि स्प्रिंगा ताणतात. पाय वाकवले की त्या पाटाला परत ओढतात. डोक्याकडून कप्प्यांवरून आलेले दोर हातात किंवा पायात अडकवून दुसरे अनेक प्रकार करता येतात. झोपून, बसून, गुडघ्यांवर, उभ्याने, सगळे ह्या एकाच चौकटीत होते. झांडर ह्यांच्या दिवाणखानाभर यंत्रांचे काम पिलाटेस ह्यांनी एका खाटेवर आणले ते असे.

स्प्रिंगच का, वजने का नाहीत, असा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना पडला पाहिजे. पाच किलोचे वजन हातभर उचलले काय आणि वीतभर उचलले काय, पाच किलोच राहते. स्प्रिंग मात्र जितकी ताणाल तितकी तिची ओढ वाढते. रॉबर्ट हूक ह्यांनी हा नियम 1678 मध्ये प्रसिद्ध केला, तो तुमच्या भौतिकशास्त्रात भेटतो. सांधा पूर्ण वाकलेला असताना, म्हणजे दुखापतीचे भय अधिक असताना, स्प्रिंग सौम्य असते आणि पाय सरळ होऊन ताकदीच्या स्थितीत आला की ती जोर मागते. शिवाय दोन सारख्या स्प्रिंगा शेजारी-शेजारी अडकवल्या की ओढ दुप्पट, एक काढली की निम्मी. आजोबांनंतर नातू आला तर हुक काढण्या-घालण्यापुरताच वेळ लागतो.

तथापि केवळ स्प्रिंगा बदलल्या म्हणजे यंत्र मापाचे झाले असे नाही. ह्या कामातले बारकावे आम्हाला फार उद्बोधक वाटले, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

पहिले माप पायांचे. पाट सुरुवातीच्या जागी असताना आणि तळवे फूटबारवर टेकले असताना गुडघा साधारण काटकोनात किंवा थोडा अधिक वाकावा. सहा फुटी माणूस ठेंगण्या माणसाच्या मापावर झोपला, तर त्याचे गुडघे पोटाशी चेपतात आणि कंबर गादीवरून उचलली जाते. उलट ठेंगणी बाई उंच माणसाच्या मापावर झोपली, तर तिचे पाय आधीच जवळजवळ सरळ झालेले असतात. वीतभर सरकले की व्यायाम संपला. म्हणून पाटाचा थांबा किंवा फूटबार पुढे-मागे करण्यासाठी खाचा असतात. इथे एक मेख आहे. नुसता थांबा सरकवला आणि स्प्रिंगा अडकवायची पट्टी तिथेच राहिली, तर स्प्रिंगा सुरुवातीलाच ताणलेल्या राहतात किंवा ढिल्या लोंबतात. दोन्ही जोडीनेच सरकवावे लागते. फूटबारच्या उंचीचेही तसेच. ज्याचे कमरेचे सांधे आखडलेले आहेत त्याला दांडी उंच पडली तर पाठीचा खालचा भाग गोल होऊन उचलतो. दांडी एक खाच खाली घेतली की पाठ गादीला टेकते, आणि तोच व्यायाम करून तो माणूस कुरकुर न करता घरी जातो.

मग खांद्यांचे ठोकळे. पाय रेटताना शरीर डोक्याकडे घसरू नये म्हणून ते असतात. रुंद खांद्यांच्या माणसाला ते जवळ पडले तर मानेला घासतात. मानेच्या बाजूला थोडी मोकळी जागा राहून भार खांद्यांवर यावा, इतके ते दूर-जवळ करायचे. उशीचे गणित वयावर आणि पाठीच्या आकारावर आहे. वय झालेल्या, पाठीला किंचित बाक आलेल्या माणसाचे डोके सपाट गादीवर मागे कलते आणि हनुवटी छताकडे जाते. त्याची उशी वर उचलायची. मात्र ज्या प्रकारात कंबर वर उचलून भार खांद्यांवर घ्यायचा असतो त्यात उशी पार खाली पाडायची, कोणाचीही असो, कारण उंच उशीवर तो भार मानेवर येतो. शेवटी दोर. दोन्ही दोर अगदी सारख्या लांबीचे हवेत. एक दोर दोन बोटे आखूड राहिला, तर दोन्ही हात सारखे ओढूनही अंग एका बाजूला पिळते, आणि करणाऱ्याला वाटते की आपलाच एक हात दुबळा आहे.

स्प्रिंगांबाबत एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते. कमी स्प्रिंगा म्हणजे सोपे आणि जास्त म्हणजे अवघड, हे पायांनी रेटण्याच्या प्रकारात खरे आहे. पण पाटावर गुडघे टेकून किंवा दंडाच्या पवित्र्यात तोल सांभाळायचा असेल तर जड स्प्रिंग उलट आधार देते आणि हलक्या स्प्रिंगवर पाट निसटू पाहतो. तिथे नवशिक्याला जास्त स्प्रिंगा द्यायच्या आणि तयारीच्या माणसाच्या काढून घ्यायच्या. म्हणजे शिकवणाऱ्याला माणूसही ओळखावा लागतो आणि व्यायामही. आपल्या तालमींतले जुने वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी करेलाच्या जड जोडीला हात लावू देत नसत, आधी त्याचा खांदा आणि मनगट पाहत. ती नजर आणि ही नजर एकाच जातीची. आणि जाता जाता पालकांसाठी : यंत्रावर झोपण्यापूर्वी हुक नीट बसले आहेत ना, स्प्रिंगेच्या वेटोळ्यात कुठे फट किंवा वाक पडलेला नाही ना, हे शिक्षकाने पाहिले पाहिजे, आणि पाट जागेवर येऊन थांबल्याखेरीज स्प्रिंग बदलू नये. हे न पाहणारा वर्ग कितीही झगमगीत असला तरी तिथे आपल्या माणसाला पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिलाटेस ह्यांच्या मूळ यंत्रात ह्या साऱ्या सोयी नव्हत्या. काही होत्या, काही नंतरच्या कारागिरांनी घातल्या. जिथे यंत्र अपुरे पडे तिथे ते नवेच काहीतरी बनवीत. लोहाराच्या मुलाचे हात स्वस्थ बसत नसत. पायाच्या तळव्यासाठी एक छोटे साधन, बोटांसाठी दुसरे, मानेसाठी तिसरे. श्वास कमी पडणाऱ्यांसाठी त्यांनी एक भिरभिरे केले होते. नळीतून फुंकर घालायची आणि ते किती वेळ फिरत राहते ते पाहायचे. लहानपणी दम्याने बेजार झालेल्या माणसालाच हे सुचावे. न्यूयॉर्कची घरे लहान, त्यात यंत्र कुठे ठेवणार, म्हणून दिवसा आरामखुर्ची आणि उलटवली की व्यायामाचे साधन अशी एक खुर्ची त्यांनी तयार केली. आपल्याकडे सोफा-कम-बेड घेतात त्यातलाच प्रकार. नेहमीच्या खुर्च्या आणि पलंग माणसाच्या पाठीचा विचार न करताच बनवले जातात ह्याचा त्यांना राग होता. 1934 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्यावर लिहिले आणि स्वतःच्या पद्धतीच्या खुर्चीची आणि पलंगाची कल्पना मांडली. पाचवीतले मूल आणि दहावीतला मिसरूड फुटलेला मुलगा एकाच उंचीच्या बाकावर बसतात, हे दृश्य कोणत्या शाळेत नाही? एकाचे पाय लोंबतात, दुसऱ्याचे गुडघे फळीला लागतात. विश्वस्त मंडळींनी बाकांची पुढची खरेदी करताना हे पान जवळ ठेवावे अशी आमची विनंती आहे.

त्यांच्या न्यूयॉर्कच्या शाळेत सामुदायिक वर्ग नसत. प्रत्येकाचा क्रम निराळा. आलेल्या माणसाची चाल, उभे राहणे, श्वास हे सारे ते पाहत आणि मग ठरवीत. नर्तक त्यांच्याकडे मोठ्या संख्येने येत, कारण नाचणाऱ्याचा घोटा किंवा गुडघा गेला की त्याची रोजीरोटीच जाते. टेड शॉन आणि रूथ सेंट डेनिस हे अमेरिकन नृत्यातले नामवंत जोडपे त्यांच्या ओळखीचे होते. हेच दोघे आपल्या नर्तकांच्या ताफ्यासह 1926 मध्ये हिंदुस्थानात दौऱ्यावर आले होते, हे इथे नमूद करण्याजोगे आहे. शॉन ह्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागात जेकब्स पिलो नावाचे नृत्यकेंद्र उभारले. तिथे 1939 पासून अनेक उन्हाळे पिलाटेस नर्तकांना शिकवायला जात. 1941 मध्ये नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शिन ह्यांनी घोटा दुखावलेल्या रोमाना क्रिझानोव्स्का ह्या कोवळ्या वयाच्या नर्तकीला त्यांच्याकडे पाठवले. ती बरी होऊन नाचू लागली आणि पुढे त्यांच्या कामाची प्रमुख वारसदार झाली.

परंतु आमच्या मते त्यांच्या कामाची खरी परीक्षा ईव्ह जेंट्री ह्यांच्या बाबतीत झाली. ह्या नर्तिका त्यांच्याकडे बरीच वर्षे शिकत आणि शिकवत होत्या. 1955 मध्ये कर्करोगामुळे त्यांची स्तनाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या काळी अशा शस्त्रक्रियेत छातीचे स्नायूही काढून टाकीत. ज्या स्नायूंनी हात पुढे येतो आणि वर जातो तेच नाहीसे झाले, तेव्हा हात पूर्वीसारखा उचलणे अशक्य मानले जाई. इथे कोणतेही ठरीव माप उपयोगाचे नव्हते. जोसेफ ह्यांनी उरलेल्या स्नायूंकडून काम करून घेण्यासाठी हलक्या ताणापासून, अगदी थोड्या हालचालीपासून सुरुवात केली. सुमारे वर्षभराने जेंट्रीबाईंचा हात डोक्यावर जाऊ लागला आणि त्या पुन्हा संपूर्ण व्यायाम करू लागल्या. त्याचे चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवले, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना.

पिलाटेस ह्यांच्या आयुष्यातले हे मोठे शल्य होते. आपली पद्धत शाळांत, सैन्यात, रुग्णालयांत जावी ही त्यांची इच्छा, पण वैद्यक व्यवसायाने त्यांच्या हयातीत तिला जवळ केले नाही. दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हता. पिलाटेस तापट होते, आपलेच खरे म्हणणारे होते, आणि त्यांच्या पुस्तकांतले काही दावे आज वाचताना अतिशयोक्त वाटतात. ते चिरूट ओढत, तेही सांगितले पाहिजे. आजारी आणि घाबरलेल्या माणसांना क्लाराबाईंचा आधार अधिक वाटे. त्या शांत होत्या, हळू बोलत, आणि एखाद्याला एक प्रकार जमला नाही तर गाजावाजा न करता त्यालाच जमेल असा करून देत. जोसेफ ह्यांचे नाव पाटीवर आले, पण निरनिराळ्या शरीरांना जुळवून घेण्याची कला शिष्यांनी बरीचशी क्लाराबाईंकडून उचलली. चरित्रग्रंथांत अशा बायकांना दोन ओळी मिळतात. आम्हीही त्यांना फारशा जास्त दिल्या नाहीत, ह्याची जाणीव आहे.

पिलाटेस ह्यांचे दुसरे पुस्तक 1945 मध्ये निघाले. त्यात चटईवरचे 34 व्यायाम आहेत आणि छायाचित्रांत ते करून दाखवणारा माणूस स्वतः लेखक, साठीच्या उंबरठ्यावरचा. आपल्या पद्धतीला ते कंट्रोलॉजी म्हणत, म्हणजे मनाने शरीरावर ताबा ठेवण्याचे शास्त्र. स्वतःचे आडनाव तिला त्यांनी दिलेले नव्हते. ते पुढे लोकांनी चिकटवले.

हे वाचताना पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार ह्यांची आठवण होते. 1918 साली इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेले, लहानपणी क्षयाने आणि हिवतापाने खंगलेले हे मूल 1937 मध्ये पुण्यात योगशिक्षक म्हणून आले. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याच्या हाताखाली लाकडी ठोकळा, ज्याचे पाय उचलत नाहीत त्याला पट्टा, ज्याला उभे राहवत नाही त्याला भिंतीवरचे दोर, अशी साधने त्यांनी योगासनांत आणली. ह्या दोघांची भेट झाली नाही, एकाने दुसऱ्याचे घेतले असेही नाही. दोघेही आजारी मुले होती, एवढे साम्य पुरेसे आहे.

1966 च्या जानेवारीत पिलाटेस ह्यांच्या इमारतीला आग लागली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, 9 ऑक्टोबर 1967 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये फुफ्फुसांच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांनी आपला वारस नेमला नव्हता. क्लाराबाईंनी शाळा चालू ठेवली, पुढे रोमाना ह्यांनी ती सांभाळली. क्लाराबाई 1977 मध्ये गेल्या. शिष्य ठिकठिकाणी पांगले होते. कॅथी ग्रँट ह्या कृष्णवर्णीय नर्तिका न्यूयॉर्कमध्ये शिकवत, ईव्ह जेंट्री न्यू मेक्सिकोत गेल्या, रॉन फ्लेचर ह्यांनी 1970 च्या दशकात लॉस एंजेलिसकडे शाळा काढली. प्रत्येकाने गुरूचे शिक्षण आपल्या विद्यार्थ्यांप्रमाणे थोडे थोडे वळवले, आणि खरी पद्धत कोणाची ह्यावर वादही झाले. जुन्या मापाच्या यंत्राला हात लावू नये म्हणणारा एक पक्ष आजही आहे. दुसऱ्या पक्षाने खाचा वाढवल्या, फूटबार सरकता केला, दोर चटकन लांब-आखूड होतील अशी सोय केली. आमचा कल कुणीकडे आहे हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

ह्या वादाचे एक टोक न्यायालयात पोचले. पिलाटेस हे नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, परवानगीशिवाय कोणी ते वापरू नये, असा दावा एका व्यावसायिकाने यंत्रे बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील कारखान्यावर लावला होता. केन एन्डेलमन ह्यांचा तो कारखाना 1976 पासून रिफॉर्मर बनवीत होता, आणि वेगवेगळ्या बांध्यांच्या माणसांसाठी यंत्र जुळवता यावे म्हणून त्याने बरेच फेरफार केले होते. ऑक्टोबर 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने निकाल दिला, की योग किंवा कराटे ह्यांप्रमाणेच पिलाटेस हे एका व्यायामपद्धतीचे सर्वसाधारण नाव झाले आहे, त्यावर कोणा एकाची मालकी असू शकत नाही. त्यानंतर हा शब्द कोणालाही पाटीवर लिहिता येऊ लागला, आणि अशा पाट्या आज जगभर दिसतात.